पंधरावी तिथी: विद्यापीठातल्या एका चंद्रोत्सवाचं प्रकरण

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. आमच्या आशिया अभ्यास विभागाचा चंद्रोत्सव सेमिनार हॉलमध्ये सुरू होता. प्रोजेक्टरवर चंद्राची चित्रं दाखवायची म्हणून पडदे ओढलेले, एसी चालू. साठ खुर्च्यांपैकी सोळा भरलेल्या, त्यातल्या पाचांवर विभागातलेच लोक. टेबलावर एका बेकरीकडून मुद्दाम करून घेतलेले चाळीस मूनकेक, म्हणजे या सणाची सारण भरलेली गोल मिठाई. त्या दिवशी चंद्र रात्री आठनंतर उगवणार होता आणि हॉल आम्हाला सातपर्यंतच मिळाला होता.

पाहुण्या प्राध्यापकांनी चांगलं व्याख्यान दिलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, अहवालात 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' असं वाक्य गेलं. ते वाक्य मीच लिहिलं होतं आणि ते खरं नव्हतं. उरलेले मूनकेक डब्यात भरताना मला वाईट वाटत होतं ते कमी गर्दीचं नाही. ज्यांच्या घरचा हा सण, त्या मुंबईतल्या चिनी कुटुंबांपैकी एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

मी या विभागात शिकवते आणि कार्यक्रमांचं समन्वयन गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. नव्या समन्वयकाच्या हाती मागच्या वर्षीची यादी येते. तारखा कुणी ठरवल्या, कशावरून ठरवल्या, कुठे फसल्या, यातलं काहीच फाइलीत नसतं. यंदा, २०२६ मध्ये, तोच पेच पुन्हा समोर आला आहे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवते.

तारीख कशी ठरली

मूळ तारीख २० सप्टेंबर नव्हतीच. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, झोंगच्यूला, म्हणजे मध्य-शरदाच्या सणाला, कार्यक्रम करायचा असं जानेवारीतल्या बैठकीत ठरलं होतं. कोरियात त्याच दिवशी छुसॉक असतो, व्हिएतनाममध्ये मुलांचा कंदिलांचा सण आणि जपानमध्ये 'पंधराव्या रात्रीचं' चंद्रदर्शन. चार देशांचा एक दिवस, त्यामुळे विभागाला तो सोयीचा. बाहेरच्या एका सांस्कृतिक संस्थेने वर्षभराच्या सणांची इंग्रजी यादी पाठवली होती. तिच्यात १७ सप्टेंबर होता, आम्ही तो तसाच उचलला.

१७ सप्टेंबर २०२४ ला अनंत चतुर्दशी होती.

मुंबईत राहणाऱ्या माणसांना हे जानेवारीत कसं दिसलं नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे आणि लाजिरवाणंही. आम्ही आशियाच्या तारखा एका कागदावर ठेवल्या होत्या आणि मुंबईच्या दुसऱ्या. अनंत चतुर्दशीची सुट्टी स्थानिक, ती विद्यापीठाच्या मुख्य यादीत नव्हती. ऑगस्टमध्ये आमच्या कार्यालयातल्या ज्येष्ठ लिपिक, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, हॉलच्या आरक्षणाचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "मॅडम, या दिवशी तुम्ही याल, मी कशी येणार? लालबागवरून येते मी."

मग धावपळ. १८ तारखेला ईदची सुट्टी: मुंबईतली ईद-ए-मिलादची सुट्टी त्या वर्षी सरकारने १६ वरून १८ ला नेली होती, कारण मिरवणुका विसर्जनाच्या गर्दीत अडकू नयेत अशी मुस्लिम संघटनांचीच विनंती होती. एवढ्या मोठ्या शहराने दोन समाजांच्या तिथी समजुतीने शेजारीशेजारी बसवल्या आणि आम्ही विद्यापीठात बसून हॉल कधी रिकामा आहे ते बघत होतो. हॉल २० ला रिकामा होता. घेतला.

तेव्हाही ताईंनी हळूच सांगितलं होतं की पक्ष पंधरवडा लागला असेल. भाद्रपद पौर्णिमा उलटली की पितृपक्ष. त्या दिवसांत आपल्याकडे कुणी उत्सवाचं आमंत्रण आनंदाने घेत नाही. ती गोष्ट मी मनावर घेतली नाही, आणि या सगळ्या प्रकरणात माझी सर्वांत मोठी चूक कोणती म्हणाल तर ही. विद्यार्थ्यांना पितृपक्षाचं फार काही नसतं, पण आमच्या संध्याकाळच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्या नोकरदार बायकांना असतं. आमचा खरा श्रोतृवर्ग त्याच होत्या.

काकांचा फोन

कार्यक्रमाला आम्ही एका ज्येष्ठ गृहस्थांना बोलावलं होतं. घराणं मूळ कँटनकडचं, पण जन्म भायखळ्याचा, शाळा मुंबईची, मराठी तुमच्याआमच्यासारखं. त्यांना मी काका म्हणते. दोन शब्द बोला, सण घरी कसा व्हायचा ते सांगा, एवढीच विनंती होती. त्यांनी आधी होकार दिला होता. तारीख बदलल्याचं कळवल्यावर दोन दिवसांनी फोन आला.

"मॅडम, पंधरावी तिथी गेली की आमचा सण गेला. तुम्ही गणपती चार दिवसांनी बसवाल का, हॉल मिळत नाही म्हणून?"

रागावून नाही बोलले. पुढे म्हणाले, त्या दिवशी संध्याकाळी माझगावच्या देवळात जायचं, उदबत्ती लावायची, घरी येऊन वडिलधाऱ्यांसमोर फळं ठेवायची. आता घरात तिघंच, मुलं परदेशी. "पण तिथी चुकवली नाही कधी. बासष्ट सालीसुद्धा नाही."

हे १९६२ त्यांनी सहज उच्चारलं. युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतीय रहिवाशांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. त्यातले बहुतेक आसाम आणि ईशान्येकडचे. मुंबईतली कुटुंबं धास्तावली, बरीचशी पुढे देश सोडून गेली. जी राहिली त्यांनी सण दार लावून केले. त्या दिवसांत पाळलेली तिथी मी हॉलच्या उपलब्धतेवर पुढे ढकलली होती. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी खुर्चीतच बसून होते.

ते देऊळ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरायचं, तिथून जवळच माझगावच्या एका गल्लीत 'सी यिप कून' उभं आहे, १९१९ चं. 'सी यिप' म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या ज्या चार परगण्यांतून खलाशी आणि कारागीर बाहेर पडले, त्यांची नावाची खूण. वरच्या मजल्यावर ग्वान गोंग, शब्दाला जागणारा योद्धा-देव. बाहेरून पाहिलं तर जुनं, लाल रंगाचं घर. आमच्या विभागातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांपैकी तोवर कुणीही तिथे गेलेलं नव्हतं. चीनच्या तांग राजवटीतल्या कविता मात्र सगळ्यांना येत होत्या.

पंचांगाचं गणित

त्या फोननंतर मी प्रथम एक केलं. दोन्ही पंचांगं शेजारी मांडली. एका बाजूला चिनी तारखांचा तक्ता, दुसऱ्या बाजूला ताईंच्या टेबलामागचं 'कालनिर्णय'. माझं शिक्षण इतिहासातलं, गणित कच्चं. पण हे समजून घेतल्याशिवाय पुढचं वर्ष आखायचं नाही असं ठरवलं होतं.

दोन्ही पंचांगं चांद्र-सौर. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याला बांधलेलं. बारा चांद्र महिन्यांचे दिवस सुमारे ३५४, सौर वर्षाचे ३६५ आणि वर थोडे. दरसाल अकराएक दिवसांची तूट. ती भरायला साधारण १९ वर्षांत ७ वेळा एक महिना जास्तीचा घ्यायचा. आपला नियम असा की ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक मास. चिनी नियम जवळजवळ तोच: वर्षाच्या चोवीस सौर बिंदूंपैकी बारा मुख्य, आणि त्यातला एकही ज्या महिन्यात येत नाही तो अधिक. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खरोखर उठून उभी राहिले.

फरक आहे तो सूर्य कुठून मोजायचा यात. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने, निरयन. त्यांची ऋतूंच्या संदर्भाने, सायन. दोहोंमध्ये आज सुमारे २४ अंशांचं, म्हणजे साधारण तेवढ्याच दिवसांचं अंतर पडलं आहे. उत्तरायण आकाशात २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि आपण तिळगूळ १४-१५ जानेवारीला वाटतो, ते याचमुळे. त्यामुळे अधिक महिन्याची गरज दोघांनाही पडते, पण तो दोघांकडे एकाच वेळी येतोच असं नाही.

इथे आमच्या प्रकरणाची किल्ली होती. २०२३ मध्ये दोघांकडेही अधिक महिना झाला: आपला अधिक श्रावण, त्यांचा अधिक दुसरा महिना. हिशोब बरोबरीत, म्हणून २०२४ मध्ये त्यांचा आठवा महिना आपल्या भाद्रपदाशी जुळला आणि सण अनंत चतुर्दशीवर आला. २०२५ मध्ये त्यांनी सहावा महिना अधिक घेतला, आपण घेतला नाही. त्यामुळे त्यांचा आठवा महिना सरकून आपल्या आश्विनावर आला. म्हणजे ६ ऑक्टोबर २०२५ ला चीनचा झोंगच्यू, कोरियाचा छुसॉक आणि आपली कोजागिरी एकाच रात्री.

आणखी एक बारकावा. आपली तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं बारा अंशांचं अंतर. ती कधी जेमतेम वीस तासांची, कधी सव्वीस-सत्तावीस तासांची, आणि दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाच्या तिथीचं. चिनी पद्धतीत अमावास्येचा क्षण ज्या दिवशी पडतो तोच पहिला दिवस, पुढे सरळ मोजणी. म्हणून त्यांची 'पंधरा' कधी आपल्या पौर्णिमेला असते, कधी चतुर्दशीला. दिवस कुठल्या गावच्या मध्यरात्री बदलतो यानेही फरक पडतो. १९८५ मध्ये व्हिएतनामचं नववर्ष चीनच्या नववर्षाआधी तब्बल एक महिना आलं होतं, कारण हनोईचं घड्याळ बीजिंगच्या एक तास मागे.

हे साम्य योगायोगाने आलं की देवघेवीने, यावर विद्वानांचं बरंच लिखाण आहे आणि मी त्यात शिरत नाही. देवघेव झाली होती एवढं निश्चित. तांग दरबारात गौतम सिद्ध नावाचे भारतीय वंशाचे ज्योतिर्विद होते, चीनमध्ये त्यांचं नाव छुतान शीदा. इ.स. ७१८ मध्ये त्यांनी भारतीय ज्योतिर्गणित चिनीत आणलं. त्या पद्धतीचं नाव 'जिउझ्ही', म्हणजे आपले नवग्रह. आशिया अभ्यासाच्या पहिल्या तासाला मी आता नकाशा लावत नाही. कालनिर्णयचं पान लावते.

कोजागिरी, २०२५

त्या वर्षी तारीख शोधावी लागली नाही. बाकीचं सगळं मात्र बदलावं लागलं. वेळ संध्याकाळी साडेसात, जागा इमारतीची गच्ची, पत्रक मराठीत. वर मोठ्या अक्षरांत 'कोजागिरी आणि झोंगच्यू: एकाच चंद्राचे दोन सण', खाली चिनी आणि कोरियन लिपीत एकेक ओळ. गच्चीची परवानगी मिळवायला तीन आठवडे लागले, सुरक्षा विभागाचं ना-हरकत पत्र, कठड्याजवळ दोरी, नऊच्या आत सगळं आवरण्याची हमी. लेखा विभागाने दुधाचं बिल परत पाठवलं, कारण चर्चासत्राच्या खर्चात 'अल्पोपहार' बसतो, 'आटीव दूध' बसत नाही. ताईंनी शांतपणे तिसऱ्यांदा अर्ज लिहिला.

खरी अडचण मूनकेकची होती. पारंपरिक कँटनी मूनकेकमध्ये कमळबियांचं सारण, आत बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, बऱ्याचदा डुकराची चरबी. आमच्या निम्म्या लोकांना चालणार नाही आणि बेकरीच्या केकचा अनुभव आदल्या वर्षी घेतलेला. काकांना विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे मुगाचंही करतात. ताई ऐकत होत्या. "मग पुरणाचं का नाही?"

रविवारी सकाळी ताईंच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी. काकांनी त्यांच्या आईचा लाकडी साचा दिलेला: एका अखंड फळीत कोरलेला गोल खळगा, तळाशी उलटं अक्षर, कडेने पाकळ्या, मागे मूठ. लाकूड तेल पिऊन काळं झालेलं. पहिलं पुरण सैल निघालं. साच्यात बसलं, बाहेर येईना. ताईंनी ते परत कढईत घालून उलथनं उभं राहीपर्यंत आटवलं. पारी कणकेची, तूप आणि गुळाच्या पाकात मळलेली. साच्यात तांदळाची पिठी भुरभुरवायची, गोळा तळहाताने दाबायचा, कडा बोटाने सारख्या करायच्या, मग साचा उलटा धरून ओट्याच्या काठावर एक ठोका. पहिले तीन तुटले. चौथा अखंड ताईंच्या तळहातावर पडला, अक्षर स्पष्ट, पाकळ्या स्पष्ट. त्या म्हणाल्या, "मोदकाच्या साच्याचा भाऊच की हा." कोरियन शिकणाऱ्या मुलीने तिथेच सोंगप्योनची गोष्ट काढली: छुसॉकला करतात, तांदळाच्या पिठीची गरम पाण्यात मळलेली पारी, आत तीळ किंवा शेंगांचं सारण, आकार अर्ध्या चंद्राचा, पाइनच्या पात्यांवर वाफवायचे. ताईंचं मत असं पडलं की उकड नीट काढली असेल तर केळीच्या पानावरही छान होतील.

त्या आठवड्यात अरबी समुद्रात 'शक्ती' चक्रीवादळ होतं, त्यामुळे पावसाची धास्ती होती आणि हॉलही राखून ठेवला होता. लागला नाही. ढगांतून चंद्र अधूनमधून दिसत राहिला.

गच्चीवर व्याख्यान चालत नाही, हे आम्हाला तिथे कळलं. वारा, विमानांचा आवाज, माइकची कुरकुर. पाहुण्यांचं भाषण पाच मिनिटांत आटोपलं. मग एका विद्यार्थ्याने वर बोट दाखवून विचारलं, तुम्हाला चंद्रावर काय दिसतं? आणि कार्यक्रम खरा तिथून सुरू झाला. कुणाला हरीण, कुणाला ससा. मृगांक आणि शशांक, दोन्ही शब्द आपल्याकडे आहेत. पालीच्या विद्यार्थिनीने जातककथांमधली ३१६ वी, सस जातक, सांगितली: दारी आलेल्या ब्राह्मणाला द्यायला काही नाही म्हणून सशाने स्वतः आगीत उडी घेतली, ब्राह्मण म्हणजे वेषांतर केलेला शक्र (इंद्र), त्याने सशाची आठवण राहावी म्हणून चंद्रावर त्याची आकृती काढली. चीनमध्ये हाच ससा खलबत्त्यात अमृताची वनस्पती कुटतो, जपान-कोरियात तांदूळ कुटतो. चीनच्या २०१३ च्या चांद्रगाडीचं नाव 'युतू', म्हणजे जेडचा ससा, हे एका अभियांत्रिकीच्या मुलाने सांगितलं. तो आमच्या विभागाचा नव्हताच. दुधाच्या वासाने वर आला होता असं म्हणाला आणि शेवटपर्यंत थांबला.

काका आले होते. बोलले नाहीत. आपल्या पेल्यातलं दूध पिण्याआधी त्यांनी त्यात चंद्र दिसतो का ते वाकून पाहिलं, आणि शेजारच्या मुलीला म्हणाले, हे आमच्या शेजारच्या काकू करायच्या. नंतर त्यांनी एक मूनकेक रुमालात बांधून घरी नेला. तिघांसाठी चार तुकडे करायचे, चौथा गेलेल्या माणसाच्या नावाने, असं ताईंना सांगून.

सगळं जमलं असं नाही. व्हिएतनामचा आम्ही उल्लेखही केला नाही, कारण तो सांगणारं कुणी शोधलंच नव्हतं. अनेक विद्यार्थी आले नाहीत, त्यांच्या सोसायटीची कोजागिरी होती. त्यात गैर काही नाही, पण घरच्या सणाशी विद्यापीठाची स्पर्धा होते हे ध्यानात ठेवावं लागेल.

यंदाचा पेच

नुकताच आपला अधिक ज्येष्ठ संपला. चीनकडे यंदा अधिक महिना नाही. म्हणजे गेल्या वर्षी पडलेलं अंतर आपण भरून काढलं आणि आठवा महिना पुन्हा भाद्रपदावर आला. २०२६ चा झोंगच्यू २५ सप्टेंबरला, शुक्रवारी. अनंत चतुर्दशीही २५ सप्टेंबरला, शुक्रवारी. २०२४ ची पुनरावृत्ती. दोन दिवसांनी पितृपक्ष, १० ऑक्टोबरला सर्वपित्री, मग नवरात्र, २० ला दसरा.

बैठकीत तीन मतं पडली. एक, २४ ला उरकून घ्या. दोन, यंदा सोडून द्या. तीन, कोजागिरीलाच करा, २५ ऑक्टोबरला, रविवार आहे. झोंगच्यू महिन्याभरापूर्वी झाला असला तरी कुणाला कळणार? या तिसऱ्या मताला मी विरोध केला आणि अजूनही करीन. काकांना कळेल. आणि ज्या विद्यार्थ्यांना आम्ही अधिक महिना शिकवला त्यांनाही कळेल.

तोडगा जपानी शिकवणाऱ्या सहकाऱ्यांकडून आला. जपानमध्ये पंधराव्या रात्रीखेरीज आणखी एक चंद्रदर्शन असतं: पुढच्या महिन्याची तेरावी रात्र, 'ज्यूसान्या'. ही प्रथा चीनमधून आलेली नाही, तिथलीच. पहिल्या वेळी पंधरा दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठीच्या वाफवलेल्या गोळ्या, दुसऱ्या वेळी तेरा. सोबत सुगीचे चेस्टनट आणि शेंगा. एकच चंद्र पाहून दुसरा टाळणं अशुभ मानतात, त्याला 'अर्धं चंद्रदर्शन' असा शब्दच आहे. यंदाची तेरावी रात्र २३ ऑक्टोबरला, शुक्रवारी. आपल्या कोजागिरीच्या दोन दिवस आधी. तिथी खरी, कुणाच्या घरच्या सणावर पाय नाही, आणि रविवारी प्रत्येकाला आपल्या गच्चीवर जायला मोकळीक. सूर्यास्तानंतर लगेच बऱ्यापैकी वर आलेला चंद्र दिसेल, हे वेगळंच.

पितृपक्षाचंही पुन्हा नीट पाहिलं. त्या दिवसांत उत्सव नको, पण पितरांविषयी बोलायला याहून योग्य पंधरवडा कोणता? म्हणून ९ ऑक्टोबरला, शुक्रवारी, संध्याकाळी सहाला 'गेलेल्यांचे दिवस' असा परिसंवाद ठेवतो आहोत. चीनचा छिंगमिंग आणि सातव्या महिन्याची पौर्णिमा, जपानचा ओबोन, मुंबईच्या पारशी घरांतले मुक्ताद आणि आपला पक्ष. दुसऱ्या दिवशी, १० ऑक्टोबरला, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जयंती. १९१० चा सोलापूरचा जन्म, वैद्यकीय शिक्षण मुंबईत परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. छिंगमिंगला तिथले लोक त्यांच्या समाधीवर फुलं वाहतात. यंदा त्यांची जयंती सर्वपित्रीला आली आहे. परिसंवाद त्यांच्यापासून सुरू करायचा ही सूचना ताईंची, आणि या वेळी ती इतिवृत्तात त्यांच्या नावाने नोंदवली आहे.

परिसंवाद मराठीत होईल. पाहुण्यांपैकी दोघे इंग्रजीत बोलतील, त्यांचा गोषवारा विद्यार्थी तिथेच मराठीत सांगतील. उपस्थितांना प्रमाणपत्र हवं असेल तर मिळेल, पण पत्रकावर ते सर्वांत खाली आहे. व्हिएतनामच्या कंदिलांसाठी एक जोडपं मिळालं आहे, ते २३ ला लहान मुलांना बांबूच्या कामट्यांचा तारा-कंदील शिकवतील. आकाशकंदिलाच्या कामट्या दिवाळीआधी बाजारात येतातच. २०२८ मध्ये झोंगच्यू पुन्हा आश्विनात जाईल, ३ ऑक्टोबरला. फाइलीच्या पहिल्या पानावर मी हे लिहून ठेवलं आहे. तेव्हा समन्वयक कुणीही असो, गच्चीचा अर्ज जुलैतच करावा.

राहता राहिला २५ सप्टेंबर. त्या दिवशी विभागाचा कार्यक्रम नाही. पण काकांना मी विचारलं, चार-पाच विद्यार्थ्यांना देवळात तुमच्याबरोबर येता येईल का. फोटो नाहीत, अहवाल नाही, फक्त उभं राहतील. त्यांनी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग परवा फोन आला. दुपारी तीनच्या आत या, डॉकयार्ड रोडलाच उतरा, रस्त्याने येऊ नका, सगळं बंद असेल. सहाच्या आत परत निघा, नाहीतर विसर्जनात अडकाल.

"आणि रिकाम्या हाताने येऊ नका," म्हणाले. "एक पपनस आणा. मोठं, पानासकट. आई ठेवायची चंद्रापुढे. माझे गुडघे आता दादरच्या बाजारापर्यंत जात नाहीत."

गणपतीच्या दिवसांत दादरला पपनस मिळतं, फळांच्या टोपल्यांवर हिरवीगार, डोक्याएवढी फळं रचलेली असतात. पानासकट हवं असेल तर आधी सांगावं लागतं. ताईंच्या ओळखीचा एक फळवाला आहे. त्याने नाव लिहून घेतलं आहे.